चित्रक, वाराहीकंद आणि जीवाणूंचा प्रतिरोध
डॉ. बी. ए. चोपडे यांच्या संशोधनकार्याचा परिचय व वैद्यांसाठी त्याचा अर्थ

प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू हा विषय आधुनिक रुग्णालयांचा आहे, आयुर्वेद चिकित्सकांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही, असा एक समज आपल्या व्यवसायात आढळतो. हा समज दोन कारणांनी टिकत नाही. महाराष्ट्रात नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधर शासनाने दिलेल्या मुभेनुसार आधुनिक औषधे लिहितात. ग्रामीण भागात तर प्रतिजैविकाची पहिली मात्रा बहुधा त्यांच्याच चिठ्ठीवर रुग्णाच्या पोटात जाते. दुसरे असे की, या प्रतिरोधावर उपाय शोधताना सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आपल्याच निघंटूंतील वनस्पतींकडे वळले आहेत. पुणे विद्यापीठात दीर्घकाळ काम केलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. बी. ए. चोपडे यांच्या संशोधनात हे दोन्ही धागे एकत्र दिसतात. म्हणून त्याचा परिचय येथे करून देत आहोत.

प्रतिरोध कसा निर्माण होतो?

पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवले होते की, अपुऱ्या मात्रेत औषध दिल्यास जीवाणू त्याला सरावतात. पुढील काळात या सरावण्याच्या पद्धती स्पष्ट झाल्या. जीवाणू औषधाचा रेणू तोडणारे विकर तयार करतो. बीटा-लॅक्टमेज हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तो आत आलेले औषध पंपाप्रमाणे बाहेर फेकतो, आपल्या आवरणातील प्रवेशद्वारे कमी करतो किंवा औषध जेथे जाऊन चिकटते ती जागाच बदलून टाकतो.

याहून गंभीर बाब प्लाझ्मिडची आहे. जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्या पेशीत डीएनएची लहान, बहुधा वर्तुळाकार कडी असते. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली तिला प्लाझ्मिड हे नाव दिले. अनेक औषधांविरुद्धची जनुके एकाच प्लाझ्मिडवर असू शकतात आणि ते प्लाझ्मिड एका जीवाणूकडून दुसऱ्या, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूकडेही जाऊ शकते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये आमांशाच्या जीवाणूंत एकाच वेळी अनेक औषधांचा प्रतिरोध दिसला, त्याचे मूळ अशा हस्तांतरात होते. सारांश, प्रतिरोध केवळ वंशपरंपरेने मिळत नाही. तो शेजाऱ्याकडूनही मिळतो.

एका दुर्लक्षित जीवाणूचा अभ्यास

डॉ. चोपडे यांनी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात पीएच.डी. केली. त्यांचा विषय होता अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा जीवाणू. माती, पाणी आणि निरोगी माणसाची त्वचा येथे तो सहज आढळतो. त्या काळी त्याला फारसे महत्त्व दिले जात नसे. १९८५ साली वाइज व टाउनर यांच्यासह प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात प्लाझ्मिड या जीवाणूत कसे शिरतात आणि शिरल्यावर तेथे कसे वागतात, याचा अभ्यास आहे.

पुढे या जीवाणूचे महत्त्व सर्वांनाच पटले. अतिदक्षता विभागातील श्वसनयंत्रे, नलिका व जखमा यांतून पसरणारा अ‍ॅसिनेटोबॅक्टर बॉमनी जगभरातील रुग्णालयांची डोकेदुखी बनला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली, ज्यांच्यासाठी नव्या औषधांची निकड आहे अशा जीवाणूंची यादी केली. तिच्या सर्वांत वरच्या गटात कार्बापेनेम-प्रतिरोधी अ‍ॅसिनेटोबॅक्टर बॉमनी होता. २०२४ च्या सुधारित यादीतही तो वरच्याच गटात आहे.

पुणे विद्यापीठात डॉ. चोपडे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा जीवाणू रुग्णालयाबाहेरही शोधला. पश्चिम भारतातील आदिवासींच्या निरोगी त्वचेवरील अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या जाती, त्यांतील प्लाझ्मिड आणि प्रतिजैविकांना मिळणारा प्रतिसाद यांवरील त्यांचे निबंध २००७ साली प्रसिद्ध झाले. याच जीवाणूच्या त्वचेवरील काही वाणांपासून तेल व पाणी एकजीव करणारा पदार्थ मिळतो, हेही या गटाने दाखवले. जीवाणूला केवळ शत्रू न मानता त्याचा स्वभाव समजून घेण्याची ही दृष्टी निदानपंचकाचा अभ्यास करणाऱ्यांना परकी वाटू नये. २०१४ ते २०१९ या काळात डॉ. चोपडे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू होते.

धातू आणि प्रतिरोध : रसशास्त्राच्या अभ्यासकांसाठी

या संशोधनाचा एक भाग आपल्या औषधनिर्मात्यांनी विशेष लक्षात घ्यावा. १९९३ व १९९४ साली या गटाने असे दाखवले की, धातूंना तोंड देण्याची अ‍ॅसिनेटोबॅक्टरची क्षमता आणि प्रतिजैविकांचा प्रतिरोध यांचा परस्परसंबंध असतो. अ‍ॅसिनेटोबॅक्टर बॉमनीमध्ये चांदीचा प्रतिरोध प्लाझ्मिडवर असल्याचेही १९९४ साली प्रसिद्ध झाले. याचा अर्थ असा की, सांडपाण्यात पारा, चांदी किंवा तांबे मिसळत राहिल्यास जे जीवाणू तेथे तगून राहतात, त्यांच्यात औषधांना न जुमानणारेही असू शकतात. रुग्णाने प्रतिजैविकाचा एक कणही घेतलेला नसला तरी.

शास्त्रोक्त भस्मावर हा आक्षेप नाही. परंतु शोधन-मारणाच्या प्रक्रियेतील धुवण उघड्या गटारात सोडणे ही गोष्ट केवळ स्वच्छतेची राहत नाही, एवढे यातून निश्चित कळते. औषधनिर्माणशाळांसाठी २००० साली परिशिष्ट टी लागू झाले. त्यातील स्वच्छतेचे व सांडपाण्याचे नियम या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत.

वनौषधींचे योगदान

प्लाझ्मिडवर प्रतिरोध असेल, तर जीवाणू न मारता त्याच्यातील प्लाझ्मिडच काढून टाकता येईल का? असे झाल्यास जुने, स्वस्त प्रतिजैविक पुन्हा उपयोगी पडेल. प्रयोगशाळेत हे करणारी रसायने आहेत. पण अ‍ॅक्रिडिन ऑरेंज, इथिडियम ब्रोमाइड यांसारखी ही द्रव्ये विषारी असल्याने रुग्णाला देता येत नाहीत. म्हणून वनस्पतींकडे लक्ष गेले.

चरकाचार्यांनी अग्र्य द्रव्यांत चित्रकमूळ दीपन, पाचन, गुदशोथ, अर्श व शूल यांसाठी श्रेष्ठ सांगितले आहे. याच चित्रकातील प्लंबॅजिन या द्रव्याने बहुऔषध-प्रतिरोधी प्लाझ्मिड निघून जाते, हे हैदराबादच्या संशोधकांनी १९८७ साली दाखवले. वाराहीकंदातून (कडू करांदा) वेगळ्या केलेल्या एका द्रव्याबाबत पुण्यातील संशोधकांचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांपासून मिळालेल्या प्रतिरोधी जीवाणूंतील प्लाझ्मिड या द्रव्याने १२ ते ४८ टक्के प्रमाणात काढले आणि त्यानंतर प्रतिजैविकाची कमी मात्रा पुरेशी ठरली. डॉ. चोपडे यांच्यासह १९९४ चा धातुविषयक निबंध लिहिणारे डॉ. प्रशांत ढाकेफळकर या कामातही सहभागी होते.

डॉ. चोपडे यांच्या गटाने २०१२ साली वाराहीकंदाच्या अर्काने चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार केले. प्रतिरोधी अ‍ॅसिनेटोबॅक्टर बॉमनीवर या कणांसह पिपरासिलिनचा परिणाम ३.६ पट, तर एरिथ्रोमायसिनचा ३ पट वाढलेला आढळला. २०१४ साली चित्रकापासून केलेल्या कणांचा जीवाणूंच्या चिकट थरावर प्रयोग झाला.

येथे विवेक राखणे आवश्यक आहे. हे सर्व प्रयोग काचपात्रातील आहेत. शुद्ध प्लंबॅजिन म्हणजे चित्रकादि वटी नव्हे. चित्रक तीक्ष्ण आहे, गर्भिणीस वर्ज्य आहे आणि चुन्याच्या निवळीत त्याचे शोधन करण्याचा दंडक निष्कारण सांगितलेला नाही. चांदीबाबत तर याच गटाचे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून वाचावेत: चांदी प्रतिरोधी जीवाणूस मारते, आणि जीवाणू चांदीलाही प्रतिरोध मिळवतो. म्हणून ‘वनस्पतीज किंवा खनिज औषधास प्रतिरोध होतच नाही’ हे विधान कोणाही वैद्याने रुग्णासमोर करू नये.

आपल्या हाती काय आहे?

पाबळसह शिरूर-दौंड पट्ट्यात दूधधंदा मोठा आहे. गाईम्हशींच्या कासदाहावर, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत ‘दगडी’वर, प्रतिजैविके वापरली जातात. औषध चालू असताना व नंतर ठरावीक दिवस ते दूध घरी वा डेअरीत न देणे हा नियम सांगण्याचे काम गावचा वैद्य व औषधविक्रेताही करू शकतो. पशुपालनात कॉलिस्टिनच्या वापरावर केंद्र शासनाने २०१९ साली बंदी घातली, कारण रुग्णालयातील शेवटच्या आधारांपैकी ते एक औषध आहे.

चिकित्सकांनी प्रतिश्याय व साध्या विषाणुजन्य ज्वरात प्रतिजैविक लिहिणे थांबवावे. लंघन, दीपन-पाचन व लक्षणानुसार चिकित्सा हे आपले बलस्थान येथेच उपयोगी पडते. मात्र जीवाणूजन्य न्यूमोनिया, क्षय वा रक्तदोषाची लक्षणे असता वेळ न दवडता योग्य ठिकाणी पाठवावे. वारंवार होणाऱ्या मूत्रसंसर्गात औषध बदलत बसण्याऐवजी आधी मूत्राची कल्चर तपासणी करावी.

औषधविक्रेत्यांसाठी १ मार्च २०१४ पासून परिशिष्ट एच-१ लागू आहे. त्यातील औषधे विकताना चिकित्सकाचे व रुग्णाचे नाव, औषध व प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. जुन्या चिठ्ठीवर दोन-चार गोळ्या सुट्या देणे म्हणजे फ्लेमिंग यांनी सांगितलेली अपुरी मात्राच होय.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या शिक्षणपद्धतीत शाळकरी मुलेही रक्तगट ओळखणे व हिमोग्लोबिन मोजणे हाताने शिकतात. आधी मोजावे, मग ठरवावे, हा त्या पद्धतीचा गाभा. प्रतिजैविकाची चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने एवढी शिस्त पाळली, तरी प्रयोगशाळेत सुरू असलेल्या संशोधनाला फळ येईपर्यंत आज उपलब्ध असलेली औषधे उपयोगी राहतील.