सायकलस्वाराने आपली प्रगती कशी मोजावी?



रोज सकाळी हौसेने सायकल फिरविणाऱ्या पुष्कळ मंडळींना एक प्रश्न पडतो, की आपली ताकद खरोखर वाढते आहे काय? उत्तरासाठी आपण बहुधा वेगाकडे पाहतो आणि तेथेच फसतो.

यवतमाळहून कळंबला जाताना पाठीशी वारा असला, की साधा स्वारही स्वतःला पहिलवान समजू लागतो. परतताना तोच वारा समोरून आला, म्हणजे त्याचा ताठा उतरतो. सपाट रस्त्यावर भरधाव जाताना बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला, तर हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो ओलांडण्यास शक्ती आठपट लागते. १९७२ साली बेल्जियमच्या एडी मर्क्सने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडून विक्रम केला, तो मुद्दाम मेक्सिको शहरात; कारण तेथे उंचीमुळे हवा विरळ आहे. एवढा मोठा स्वार हवेचा हिशेब करतो, तर आपणही करावा.

याकरिता चढ हे चांगले माप आहे. चढावर वेग मंद असतो, वाऱ्याचे महत्त्व घटते आणि मुख्य काम वजन वर नेण्याचे उरते. करळगावच्या घाटातील एखादा ठराविक टप्पा निवडावा. समजा, स्वार व सायकल मिळून वजन ८५ किलो आणि टप्प्याची उंची ५० मीटर आहे. तो पाच मिनिटांत चढल्यास वजन उचलण्यापुरती सुमारे १३९ वॅट शक्ती लागते. चार मिनिटांत चढल्यास १७४. म्हणजे एक मिनिट वाचले, तर शक्ती सव्वापट झाली!

दुसरे माप नाडीचे. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी पुरे मिनिटभर ठोके मोजून वहीत टिपावेत. नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, आणि विश्रांतीची नाडी काही महिन्यांत मंदावते. ती एखाद्या सकाळी बरीच चढलेली आढळली, तर झोप अपुरी आहे, ताप येऊ घातला आहे किंवा श्रम अति झाले आहेत, असे समजून त्या दिवशी सायकल भिंतीलाच टेकलेली बरी.

मात्र आपल्या वैशाखाचा विसर पडू देऊ नये. पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा शरीर थंड राखण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, घामाने पाणी घटते आणि तोच चढ चढताना नाडी जास्त धावते. पौषातला वेळ साधला नाही, म्हणून ‘आपण घसरलो’ असे मानून जो भर उन्हात जोर करतो, तो उष्माघाताला आमंत्रण देतो. यास्तव मेची तुलना मागील मेशी करावी, तीही पहाटेच्या फेरीची. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर सारी मापे बाजूस ठेवून थांबावे आणि डॉक्टरांस गाठावे.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत एकट्याने पुरी केली. त्यांचा अभिमान जरूर बाळगावा. तुलना मात्र आपल्याच वहीतील गेल्या वर्षीच्या पानाशी करावी. पन्नाशीच्या गृहस्थाला तोच चढ यंदा न थांबता आणि बोलत बोलत चढता आला, तर त्याची प्रगती झाली, असे खुशाल समजावे.