गाळाच्या बखरीतली विस्कटलेली पाने

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोलापूरकर विसरलेले नाहीत. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून गाव नुकते कुठे झोपले होते, तोच किल्लारीच्या भूकंपाने माणसे घराबाहेर काढली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार बळी गेले. तोवर दख्खनचे पठार म्हणजे अढळ कातळ, अशी आपली समजूत. कोयनेचा १९६७ चा धक्का तर आपण धरणाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो होतो!

असा भूकंप या भागात पूर्वी केव्हा झाला होता? आपली दप्तरे काही शतकांपलीकडे जात नाहीत. त्यामागचे जमिनीलाच विचारावे लागते. सी. पी. राजेंद्रन आणि कुशला राजेंद्रन या भूशास्त्रज्ञांनी किल्लारीबरोबर प्राचीन तेर येथेही शोध घेतला आणि तिथल्या जुन्या थरांत भूकंपाच्या खुणा आढळल्याचे १९९९ मध्ये मांडले.

जमिनीची आणखी एक बखर म्हणजे तळ्याचा गाळ. दर पावसाळ्यात माती येते, तळाशी बसते. खाली जुने, वर नवे. नळी ठोकून या गाळाचा उभा दांडा बाहेर काढतात. त्यात सापडलेल्या पानाकाडीतला किरणोत्सर्गी कार्बन ५७३० वर्षांत निम्मा होतो, त्यावरून जुने वय कळते. अलीकडच्या शतकासाठी शिसे-२१० उपयोगी पडते. ते सुमारे २२ वर्षांत निम्मे होते. शिवाय अणुचाचण्यांतून जगभर पसरलेले सीझियम-१३७ आहे. त्याचा जोर १९६३ च्या सुमारास सर्वाधिक होता, म्हणून गाळातली ती रेघ तारखेच्या शिक्क्यासारखी वाचता येते. लोणारच्या सरोवरातून काढलेल्या सुमारे दहा मीटर गाळात अशीच अकरा हजार वर्षांची हकिकत मिळाली, दीर्घ दुष्काळांसकट.

मात्र ही बखर सरळ वाचता येतेच असे नाही. मोठा पूर एका रात्रीत वीतभर गाळ टाकून जातो. जाडीवरून वर्षे मोजली, तर ती एक रात्र कित्येक वर्षांची ठरते. पूर काठावरचे जुने लाकूडही वाहून आणतो आणि मग कालचा थर शेकडो वर्षे जुना भासतो. भूकंपात तळ्याच्या उतारावरचा गाळ घसरतो, पाने उलटीपालटी होतात. म्हणून अभ्यासक असे अचानक पडलेले थर ओळखून हिशेबातून वगळतात, उरलेल्या शांत गाळाचे वय मांडतात आणि वरखालच्या वयांवरून त्या घटनेची तारीख बांधतात. नडणारा थर अखेर साक्षीदार होतो तो असा.

पूर की भूकंप, हे ओळखणे मात्र अवघड. दोन्हींत भरड वाळू खाली आणि बारीक माती वर बसते. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न सरोवरात तळाच्या अनेक दरडी एकाच वेळी कोसळलेल्या दिसल्या आणि १६०१ च्या भूकंपाशी त्यांचा मेळ बसला. पूर एका नदीच्या मुखाशी बोलतो. भूकंप सगळे काठ एकदम हलवतो.

सोलापूरजवळचा एकरुख तलाव, म्हणजे आपला हिप्परगा, १८७१ चा. तळाची तारीखच ठाऊक, हे केवढे भाग्य! अडचण काळ्या मातीची. तलाव आटला की ती भेगाळते, वरची माती भेगांत पडते आणि वर्षे मिसळतात. ज्या खोल भागात पाणी सहसा टिकते, तिथलाच गाळ त्यातल्या त्यात विश्वासाचा.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये आली. राज्यातल्या कितीतरी तलावांचा गाळ शेतांवर गेला. शेतकऱ्याला तो हवाच आणि तलावात पाणीही जास्त साठावे. त्याला विरोध करणे शहाणपणाचे नाही. पण एकदा उपसलेल्या गाळात खालचे-वरचे उरत नाही. पंढरपूरला २०२० च्या ऑक्टोबरात पुराने वेढले; अशा पावसाच्या खुणाही कुठे कुठे त्याच गाळात असतील. यंत्रे उतरण्याआधी प्रत्येक जुन्या तलावातून दोन-चार नळ्या काढून ठेवाव्यात. त्यासाठी लागतील एक होडी, एक जाणता अभ्यासक आणि खोल पाणी कुठे आहे ते दाखवणारा तिथलाच मच्छीमार.