बंद छापखाना आणि कुटुंबनियोजन

आरोग्यधोरण बदलले की वृत्तपत्रांत टीका होते, वाचकांची पत्रे येतात आणि शासनाला लोकमत कळते. ही वाटच बंद केली तर काय होते, हे विद्यार्थ्यांनी आणीबाणीतील कुटुंबनियोजनावरून समजून घ्यावे.

जून १९७५ मध्ये वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली. १६ एप्रिल १९७६ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. करणसिंग यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. राज्यांना सक्तीच्या नसबंदीचा कायदा करण्याची मोकळीक मिळाली. आपल्या विधिमंडळाने तसे विधेयक संमतही केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कागदावरच राहिले.

१९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत ६२ लाख पुरुषांच्या. आकडे छापून येत; ते कसे जमवले, हे येत नसे. मग बातमी तोंडोतोंडी फिरली, खरी तशीच तिखटमीठ लावलेलीही. अफवा खोडून काढावी तर छापील शब्दावर विश्वास कोणाचा उरला होता?

मार्च १९७७ मध्ये मतपेटी बोलली. उत्तर भारतात सत्ताधारी पक्षाचा धुव्वा उडाला. त्यात नसबंदीचा वाटा मोठा. पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांवर घसरल्या. खात्याचे नाव ‘कुटुंबकल्याण’ झाले. पुरुष मात्र जे बिचकले ते बिचकलेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांत पत्नीची शस्त्रक्रिया झालेली आढळली, पतीची, ०.३ टक्के.