गर्द ते एमडी : कामगारवस्तीपुढील प्रश्न



अंमली पदार्थांचा व्यापार म्हटला की सरहद्दीपलीकडच्या टोळ्या, बंदरातील पेट्या, विमानतळावरील झडत्या अशी दूरची चित्रे मनापुढे येतात. गासच्या रहिवाशांना इतके दूर पाहण्याचे कारण उरलेले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अंमली पदार्थविरोधी कक्षाने शेजारच्या नालासोपाऱ्यात ७०० किलोंहून अधिक मेफेड्रोन हस्तगत केले. त्याच महिन्यात तपास गुजरातेतील अंकलेश्वरच्या कारखान्यापर्यंत पोचला व तेथे आणखी ५०० किलोंवर माल सापडला. पोरांच्या तोंडी असलेले ‘एमडी’ ते हेच.

मुंबईला हा व्यापार नवा नव्हे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू ह्याच बंदरातून चीनला जात असे आणि त्या पैशावर मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. १९८० नंतरच्या दशकात गर्दचे व्यसन शहराच्या वस्त्यांत शिरले. त्याच सुमारास, १९८२ च्या संपानंतर, गिरणगावातील हजारो घरांची मिळकत बुडाली होती. संपामुळे गर्द आले असे आम्ही म्हणणार नाही. पण रिकाम्या हातांचा तरुण विक्रेत्याला आयता सापडतो, हे उघड आहे.

गर्द आणि एमडी ह्यांत मोठा फरक आहे. गर्द अफूपासून होते. त्याला शेत लागते, हंगाम लागतो. एमडी केवळ रसायनांपासून बनते. त्याला गाळा, वीज, पिंपे आणि रसायनशास्त्र जाणणारा एक मनुष्य पुरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत असाच कारखाना उघडकीस आला. म्हणजे हा माल आता औद्योगिक माल झाला आहे, आणि म्हणून तो कामगार चळवळीचाही विषय आहे.

एमडी घेतले की झोप उडते, भूक मरते, अंगात बळ आल्यासारखे वाटते. दुहेरी पाळी करणाऱ्याला ते प्रथम मित्रच वाटते. अंमल काही तासांत उतरतो, मन खचते, आणि पुन्हा पुडी लागते. पुढे छातीत धडधड, निद्रानाश, घरच्यांविषयी संशय असा क्रम लागतो.

१९८५ च्या कायद्याखाली हे द्रव्य फेब्रुवारी २०१५ मध्ये आणले गेले. ५० ग्रॅमपेक्षा अधिक मेफेड्रोन बाळगल्यास १० ते २० वर्षांची सक्तमजुरी आहे. शिक्षा कडक असावी ह्याविषयी आमचा वाद नाही. पण आपल्या वाडीतील भाजीचा व्यवहार आठवा : पाटी वाहणारा सर्वांना दिसतो, भाव ठरविणारा दिसत नाही. येथेही पुड्या पोचविणारे पोर प्रथम पकडले जाते. भांडवल घालणारा मागे राहतो.

कोणी विचारील, मग व्यसनी मुलाचे काय? विक्रेता आणि रोगी ह्यांतील भेद कायद्यालाही ठाऊक आहे. त्याच कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, केवळ सेवनाचा वा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते; उपचार अर्धवट टाकल्यास ते काढून घेता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी निगडित मनोविकार आजारांत गणले आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून आणि मुंबईत १९८१ साली सुरू झालेली कृपा फाउंडेशन उपचाराचे काम करीत आल्या आहेत. १४४४६ ह्या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

तरीही घरे गप्प राहतात. नोकरी जाईल, बहिणीचे लग्न मोडेल, ही त्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, क्षयरोग्याला रजा मागतो तशीच व्यसनी कामगारालाही उपचारासाठी रजा मिळावी, आणि परतल्यावर त्याची जागा त्याला मिळावी, ही मागणी युनियनने मालकापुढे ठेवली पाहिजे. कामाची हमी असेल तर मुलगा वेळेवर दवाखान्यात जाईल. ही मागणी आपापल्या कारखान्याच्या पुढच्या बैठकीत मांडा, एवढीच आमची विनंती आहे.