पद्मिनीच्या टाकीत ऊस

डोंबिवलीत ‘प्रीमिअर’ म्हटलं की आजच्या तरुणाला मैदान आठवतं. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या त्या नावामागे मोटारींचा कारखाना होता, हे घरातल्या एखाद्या काकांनी सांगितलं तरच त्याला कळतं. वालचंद हिराचंद यांची प्रीमिअर ऑटोमोबाइल्स १९४४ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात तिने १९५४ पासून फियाट ११०० काढली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नावाने रस्त्यावर आली. इथल्या, म्हणजे कल्याणच्या कारखान्यातून नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ बाहेर पडली. कामगारांशी तंटे झाले, भागीदारी फिसकटली आणि १९९७ मध्ये फ्रेंच कंपनीने गाशा गुंडाळला. पद्मिनीने मात्र शतक पालटेपर्यंत तग धरला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये काळ्या-पिवळ्या फियाटचा जमाना संपला.

खासगी गाड्यांना तसा फतवा नाही. पंधरा वर्षांनी फिटनेस दाखवून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणून ठाकुर्लीत ९० फुटी रस्त्याच्या आतल्या सोसायट्यांमध्ये पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हर घातलेली एखादी फियाट, एखादी पहिल्या पिढीची मारुती ८०० अजून दिसते. तिचा मालक रविवारी सकाळी पान्यांची पेटी घेऊन खाली उतरतो आणि दुपारी जेवायला हाक येईपर्यंत वर जात नाही.

या मंडळींपुढे सध्या जो प्रश्न आहे तो निम्मा मेकॅनिकचा आणि निम्मा रसायनशास्त्राचा आहे. पंपावर मिळणारं पेट्रोल बदललं. २०२३ मध्ये ठराविक पंपांवर सुरू झालेलं ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, २०२५ पर्यंत देशभर सर्रास झालं. उसाच्या रसापासून, मळीपासून आणि आता मका-तांदळापासूनही काढलेलं हे अल्कोहोल पद्मिनीच्या टाकीत पडणार, याचा विचार तिच्या आराखड्यात कोणी केला नव्हता. नव्या गाडीच्या मालकाला कंपनी काहीतरी कळवते तरी. पद्मिनीची कंपनी मोटारींच्या धंद्यातच उरली नाही, त्यामुळे अमुक मापाचा जेट बसवा असं पत्रक कोणी काढणार नाही. ते काम मालकालाच करायचं आहे. ते घरच्या घरी करता येतं, याचं कारण कार्ब्युरेटर.

कार्ब्युरेटरच्या पोटात एक नळी मध्येच अरुंद होते. इंजिन हवा ओढतं तेव्हा या गळ्यातून हवेला वेगाने जावं लागतं, वेग वाढला की तिथला दाब उतरतो आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल वर खेचलं जाऊन हवेत फवारतं. पूर्वी घरोघरी डासांसाठी फ्लिटचा पंप असायचा, त्याचं तत्त्व हेच. किती पेट्रोल जायचं हे ठरवतो मेन जेट, म्हणजे मधोमध भोक असलेला पितळेचा चिमुकला तुकडा. फियाटच्या सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवर आकडा कोरलेला असतो. ११५ असेल तर भोक १.१५ मिलिमीटरचं. गाडीचा सगळा हिशोब त्या भोकात बसवलेला आहे, आणि तो हिशोब शुद्ध पेट्रोलचा आहे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण त्याच्या वजनात जवळजवळ ३५ टक्के प्राणवायू आधीच आहे. मिश्रण वीस टक्क्यांचं केलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. जेटमधून इंधन पूर्वीइतकंच येतं, हवाही तेवढीच येते, पण या नव्या इंधनाला एवढी हवा नको असते. परिणामी मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते, चढावर झटके खाते, कार्ब्युरेटरमधून फटका मारते. पातळ मिश्रण सावकाश जळतं आणि ते जळत असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की व्हॉल्व्ह तापतो.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात प्राणवायू जास्त दिसला की तो कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. मालकाला पत्ताही लागत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत सेन्सर नाही, म्हणजे सेन्सरचं काम मालकाचं. त्यासाठी त्याच्याजवळ एक जुनं आणि विश्वासाचं साधन आहे, ते म्हणजे प्लग. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना पाचेक किलोमीटर एका वेगात गाडी चालवायची, बाजूला घ्यायची आणि लगेच बंद करायची. थंड झाल्यावर प्लग काढून मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचं पांढरं चिनी मातीचं टोक पाहायचं. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, काळी काजळी असेल तर जाड, आणि पांढरंफटक किंवा फोड आल्यासारखं दिसलं तर पातळ. गाडी आयडलिंगवर पाच मिनिटं ठेवून मग प्लग काढला तर तो स्लो जेटची हकीकत सांगतो, मेन जेटची नाही. अनेकांची फसगत इथेच होते.

प्लग पांढरा निघाला तर जेट बदलायचा. इथे शाळेतलं गणित कामाला येतं. भोकातून जाणारं इंधन त्याच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून ११५ च्या जागी १२० टाकला तर व्यास जेमतेम चार टक्क्यांनी वाढतो, पण इंधन सुमारे नऊ टक्क्यांनी. ई-२० साठी हवी असलेली वाढ जवळजवळ तेवढीच आहे. एका पायरीपुरता हा बदल आहे. काही गॅरेजवाले जुन्या जेटच्या भोकात तार किंवा ड्रिल घालून ते ‘मोठं’ करतात. त्याने भोक वेडंवाकडं होतं आणि मग कुठलंच गणित लागू पडत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरलं तर आकडा कोरलेला जेट मिळतो, तोच घ्यावा.

याने गाडी सुरळीत पळेल, मायलेज मात्र परत येणार नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, जेट कितीही मोठा केला तरी ती वाढत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट मान्य केली आहे. ई-२० चा ऑक्टेन ९५ असल्याचं कौतुक होतं, ते खरंही आहे, पण कमी कॉम्प्रेशनच्या फियाटला त्या जास्तीच्या ऑक्टेनचा फारसा उपयोग नाही.

आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये खरंच किती इथेनॉल आहे, हे घरी पाहता येतं. प्रयोगशाळेत वापरतात तसली १०० मिलिलिटरची मापाची काचेची नळी घ्यावी. तिच्यात ५० च्या रेघेपर्यंत पाणी आणि वर १०० पर्यंत पेट्रोल ओतावं. बूच लावून हलवावं, मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडावी आणि मग दहा मिनिटं नळी उभी ठेवावी. इथेनॉलची ओढ पेट्रोलपेक्षा पाण्याकडे जास्त. ते वरून उतरून पाण्यात शिरतं आणि खालचा थर फुगतो. ई-२० असेल तर दोन थरांमधली सीमा साठाच्या जरा खाली येऊन थांबते. बरोबर साठावर ती येत नाही, कारण पाणी आणि अल्कोहोल एकमेकांत मिसळताना थोडे आकसतात. प्रयोग उघड्यावर करावा, आणि उरलेलं गटारात ओतू नये.

हीच पाण्याची ओढ टाकीत घात करू शकते. टाकीत पाणी ठराविक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच ओढते. पण याची भीती जरा वाढवून सांगितली जाते, असं माझं मत आहे. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल लिटरमागे सुमारे ५ मिलिलिटर पाणी विरघळवून ठेवतं, वीस टक्क्यांचं त्याहून जास्त. टाकीच्या हवेच्या भोकातून आत येणारा खाडीकाठचा दमटपणा एवढं पाणी भरायला फार वेळ घेईल. आपल्याकडे पाणी शिरतं ते झाकणाच्या कुजलेल्या रबरातून, जुलैच्या मुसळधार पावसात. पंचवीस-तीस रुपयांचं ते रबर आधी बदलावं. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवावी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी. वाटी झिंकच्या मिश्रधातूची असते, तिच्यात ओलसर इथेनॉल महिनोन् महिने साचलं की पांढरी भुकटी धरते आणि नेमकी जेटच्या तोंडाशी जाऊन बसते.

खरा त्रास रबराचा. पेट्रोलच्या जुन्या नळ्या, पंपातला डायाफ्रॅम, फ्लोटच्या सुईचं टोक, कॉर्कची गॅस्केट हे सगळं पेट्रोल सोसायला बनवलेलं होतं. अल्कोहोलचे रेणू रबराच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना फुगवतात, आणि गाडी उभी राहून ते उडून गेले की रबर आकसतं, तडकतं. नळी बाहेरून ठणठणीत दिसते, वाकवली की बोटाला ओल लागते. फ्लोरिन असलेल्या रबराला, ज्याला बाजारात व्हिटॉन म्हणतात, हा त्रास होत नाही. नळीवर ‘एसएई जे३० आर९’ असा छाप असेल तर आतला थर त्याच रबराचा आहे असं समजावं. शिवाय इथेनॉल चांगला द्रावक आहे. तीस वर्षं टाकीच्या पत्र्याला चिकटलेला राळेसारखा मळ ते सोडवून पुढे पाठवतं. म्हणून सुरुवातीचे काही महिने पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर लावून त्यावर नजर ठेवावी.

घाटात तापलेल्या फियाटच्या पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले ड्रायव्हर ज्यांनी कसाऱ्याला पाहिले आहेत, त्यांना व्हेपर लॉक समजावून सांगायला नको. इंजिनाला चिकटलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच ढकलत बसतो. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे पेट्रोलमधल्या हलक्या घटकांपेक्षा उशिरा. त्यामुळे ते मिसळल्यावर वाफ कमी व्हावी असं कोणालाही वाटेल. होतं उलटं. अल्कोहोलचे रेणू एरवी एकमेकांना घट्ट धरून असतात. पेट्रोलमध्ये विखुरले की ती पकड सुटते आणि मिश्रणाचा बाष्पदाब मूळ पेट्रोलपेक्षा वर चढतो. दहा टक्क्यांच्या आसपास तो सर्वांत जास्त असतो, विसाला थोडा उतरतो. रिफायनरी मूळ पेट्रोलचा दाब कमी ठेवून याची भरपाई करू शकते, तरी मे महिन्यात फडकं जवळ असू द्यावं.

इंधन बदललं म्हणून जुन्या गाड्यांचा निकाल लागणार, ही भाकितं याआधीही झाली होती. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठका झिजून इंजिनं बसतील असं बोललं जात होतं, कारण शिशाचा पातळ थर त्या बैठकांना जपायचा. टॅक्सीवाल्यांनी टॅपेट जास्त वेळा तपासले, गरज पडली तिथे कठीण बैठका ठोकल्या आणि धंदा चालू ठेवला. गंमत म्हणजे जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीने १९२१ मध्ये नॉकिंगवर उपाय म्हणून शिशाचं संयुग शोधलं, त्याआधी त्याच्यापुढे इथेनॉलचाही पर्याय होता. शंभर वर्षं उलटून गाडी तिथेच आली. ब्राझीलमध्ये तर कित्येक दशकं पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांच्या वर इथेनॉल असतं, आणि तिथल्या जुन्या फोक्सवॅगन बीटल सोलेक्सच्याच वंशातल्या कार्ब्युरेटरवर अजून फिरतात. निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरला तिथे आतून निकेलचा मुलामा देत.

एक गोष्ट बजावून सांगायला हवी. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत पार्किंग स्टिल्टखाली असतं आणि तिथेच विजेची मीटर रूम. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते आणि शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते. कार्ब्युरेटर उघडायचा असेल तर गाडी ढकलत आकाशाखाली आणावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि शेजारी वाळूची बादली ठेवावी. सेक्रेटरी कटकट करत असतील तर या बाबतीत त्यांचं बरोबर आहे.

हे सगळं फक्त फियाटवाल्यांपुरतं नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ येईपर्यंत आपल्या बहुतेक स्कूटर-मोटारसायकलींना कार्ब्युरेटरच होता, त्या प्रत्येक इमारतीखाली उभ्या आहेत. त्यांनाही प्लगची, नळीची आणि फिल्टरची तपासणी तेवढीच लागू.

आयडलिंगचं मिश्रण जुळवायला तर जवळजवळ फुकटचं यंत्र हाताशी आहे. पीयूसीच्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी छापलेली असते. जुन्या चारचाकीला मर्यादा ३ टक्के. मिश्रण जाड तर आकडा वर, पातळ तर खाली. मागच्या काही वर्षांच्या पावत्या काढून शेजारी ठेवल्या तर ई-२० आल्यावर आकडा उतरलेला दिसेल. तो फार खाली गेला असेल आणि गाडी सिग्नलला बंद पडत असेल, तर पीयूसीच्या गाडीपाशीच नळी सायलेन्सरमध्ये असताना बॉनेट उघडावं आणि कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू पाव-पाव वळसा सैल करत पडद्यावरचा आकडा पाहत राहावा. फक्त पावती छापण्याआधी दोन मिनिटं थांबायला त्या दादाला सांगून ठेवायचं.