पीयूसीचा ॲक्सिलरेटर आणि जुनी डिझेल गाडी

आपल्या सभासदांपैकी अनेकांकडे अजून दहा-पंधरा वर्षांची डिझेल गाडी आहे. पीयूसीला गेलं की तिथला मुलगा न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो आणि मालकाचा जीव खाली-वर होतो. पण ती चाचणी नियमातलीच आहे. बीएस-३ पर्यंतच्या गाडीचा धूर ६५ हार्ट्रिज एककांच्या आत हवा, बीएस-४ चा ५० च्या.

याने इंजिन बिघडतं का? धडधाकट असेल तर नाही. जुन्या पंपातला गव्हर्नर किंवा नव्या गाडीतला संगणक ठरावीक फेऱ्यांपुढे डिझेलच कमी करतो. साधारण मिनिटाला पाच हजारांच्या आसपास इंजिन अडतं. धोका असतो तो थंड इंजिन, कमी ऑइल आणि मुदत उलटलेला टायमिंग बेल्ट यांचा. बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, मग खर्चाचं विचारू नका. म्हणून आधी ऑइल बघावं आणि हुबळी-धारवाड एक फेरी मारून गरम गाडीच तपासणीला न्यावी.

अरबैल घाट उतरताना मात्र जपा. चौथ्यातून चुकून एकदम पहिला गिअर पडला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथे गव्हर्नरचं काही चालत नाही.

आपल्या वयाच्या मंडळींची खोड खरं तर उलटी. ॲव्हरेज वाचवायला पाचव्या गिअरमध्ये चाळीसने गाडी कण्हत न्यायची! त्याने बेअरिंगवर ताण येतो, काजळी साचते. चढावर खुशाल खालचा गिअर टाका, आवाज होऊ दे.