दुकान उघडं, मालक बंद



मागच्या बॅचमध्ये एका दादांनी ब्रेकमध्ये बाजूला घेऊन विचारलं, "सर, घरात प्रॉब्लेम चालू आहे. दुकानात बसतो, पण हातच चालत नाहीत. मोटिव्हेशनचा एखादा व्हिडिओ सुचवा ना." मी म्हटलं, दादा, हे व्हिडिओने होणारं काम नाही. हा लेख त्यांच्यासाठी.

२०१९ मध्ये माझा धाकटा भाऊ गेला. प्लंबिंग-हार्डवेअरचं दुकान आम्हा दोघांचं. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी शटर वर केलं. "कामात मन रमव" असं येणारा-जाणारा सांगत होता, मीही तेच धरून बसलो. पण गिऱ्हाईक अर्धा इंची एल्बो मागायचं आणि मी रॅकसमोर उभा, आपण इथे कशाला आलो ते आठवायचं नाही. पंधरा वर्षं ज्या रॅकमध्ये न बघता हात घातला, तिथे ही गत!

रडू येत नव्हतं, म्हणून मला वाटायचं आपण सावरलोय. धंदेवाल्याचं डिप्रेशन चेहऱ्यापेक्षा टेबलावर आधी दिसतं, हे नंतर कळलं. न फोडलेली पाकिटं, सायलेंटवर टाकलेला फोन, बँकेत टाकायचे राहिलेले चेक. जीएसटीचं ३बी रिटर्न २० तारखेला भरायचं, ते दोनदा चुकलं. दिवसाला ५० रुपये लेट फी, वर थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. पैसे नव्हते असं नाही, लॅपटॉप उघडवत नव्हता. आणि उधारीच्या वहीला तर मी दोन महिने हातच लावला नाही. ती भावाच्या अक्षरात होती.

ओळखलं ते आमच्या दुकानातल्या मामांनी. म्हणाले, "शेठ, चार दिवस तुमचा डबा भरलेला परत जातोय. मी वहिनींना बोललो नाही, पण आज बोलणार." मला रागच आला. मामा बोललेच.

फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासलं, कारण ते बिघडलं तरी माणूस असाच मरगळतो. रिपोर्ट नॉर्मल, म्हणून मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे नऊ प्रश्नांचा कागद. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, कशात रस न वाटणं, जगणं नकोसं वाटणं, यातलं काय आणि किती दिवस? दुःख तर घराघरात असतं. पण बहुतेक दिवस, दिवसभर, दोन आठवडे असंच चाललं तर दाखवायचंच. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. गोळ्यांचा असर दिसायला मला तीन आठवडे लागले. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, हेही बजावून सांगितलं होतं.

आता धंद्याचं. कामं मी दोनच ढिगांत टाकली: न केल्यास दंड लागतो ती, आणि थांबली तरी चालतात ती. पहिला ढीग कर सल्लागार आणि बायकोमध्ये वाटला. दुसऱ्याकडे बघितलंच नाही. होलसेलवाल्यांना स्वतः फोन केला, "घरात अडचण आहे, पेमेंटला पंधरा दिवस द्या." आजाराचं नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नसते. तिघांनी दिले, एकाने माल बंद केला. त्याचं वाईट वाटलं, पण चालायचंच. सकाळी मला फार जड जायचं, म्हणून हिशेबाचं काम दुपारी चारनंतर. दुकान विकून टाकायचा विचार रोज यायचा. डॉक्टर म्हणाले, एवढा मोठा निर्णय बरे होईपर्यंत नको. नशीब ऐकलं.

उधारीची वही शेवटी मामांनी वाचली आणि मी समोर बसून नवीन वहीत उतरवली. एका बैठकीत नाही, रोज दोन पानं. तिसऱ्या दिवशी एका नावापुढे भावाने लिहिलेलं निघालं, "मागू नये, मुलगी आजारी." ते आम्ही तसंच उतरवलं.

आज कुणाचं असंच चाललं असेल आणि डॉक्टरकडे जायला संकोच वाटत असेल, तर १४४१६ लावा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. पुढचा व्हिडिओ थांबेल तोवर.